पोत्याच्या मधली मूठ: आपले आवडते क्वार्टेट कसे निवडावेत

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, तुम्ही ते चार वाद्यांचे क्वार्टेट ऐकता ना, त्यातले पाच-सहा चांगले निवडून पाठवा." मी पाठवले नाहीत. माझे पाठवले असते तर ते माझेच राहिले असते. निवडायचे कसे एवढं मात्र तिला सांगितलं, आणि तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

मी लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे, त्यामुळे आधी हिशेब. अठराव्या शतकातल्या युरोपच्या संगीतकारांपैकी हायडनचे क्वार्टेट ६८, मोझार्टचे २३. बेथोवनचे एकूण १६ आहेत, पण त्यातले १८०१ साली छापले गेलेले ओपस १८ चे (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांचा क्रमांक) पहिले सहाच मी या काळात धरतो. बेरीज ९७. एकाला सरासरी २५ मिनिटं धरली तर ४० तास होतात. ही काही डोंगराएवढी गोष्ट नाही. पण ९७ ओळीने ऐकायला जाऊ नका. मी गेलो होतो, तिसऱ्या दिवशी सगळे एकसारखे वाटायला लागले आणि महिनाभर कशालाच हात लावावासा वाटला नाही.

पहिलं काम कानाचं. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठी आणि खालच्या आवाजाची एक व्हायोला, आणि सगळ्यांत खर्जातला एक चेलो. हे चार आवाज वेगळे ओळखू येत नाहीत तोवर आवडनिवड करूच नका. यासाठी हायडनच्या ओपस ७६ मधल्या तिसऱ्या क्वार्टेटचा दुसरा भाग घ्या. १७९७ साली हायडनने ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी एक गीत रचलं होतं, त्याचीच ती चाल. पुढे हीच चाल जर्मनीच्या राष्ट्रगीताला लागली. या भागात चाल पाचदा येते आणि ती स्वतः जराही बदलत नाही. आधी पहिलं व्हायोलिन म्हणतं, मग दुसरं, मग चेलो, मग व्हायोला आणि शेवटी पुन्हा पहिलं. बदलतं ते फक्त भोवतालचं. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात एकच अभंग वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकत मी मोठा झालो, म्हणून हे मला लगेच उमगलं. आठवडाभर रोज एकदा ऐका. व्हायोलाची पाळी आली की "ही आली" असं मनात आपोआप उमटलं पाहिजे.

आता निवड. तुरीचं पोतं वरून बघून सौदा करत नाहीत. वरचा माल निवडलेला असतो. मधे हात घालून मूठ काढायची, तळहातावर पसरायची, दाणा दाताखाली फोडून बघायचा. क्वार्टेटचा पहिला भाग हा वरचा माल. तो बहुतेकांचा देखणाच असतो, त्यावरून काही ठरत नाही. संथ भाग आधी ऐका. साधारण तो दुसरा असतो, पण नेहमी नाही. मोझार्टच्या के. ३८७ आणि के. ४६४ मध्ये (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) दुसऱ्या जागी मिन्युएट, म्हणजे नाचाच्या चालीचा भाग आहे आणि संथ भाग तिसरा, म्हणून क्रमांकावर जाऊ नका, नावापुढे 'अदाज्यो', 'आंदान्ते' किंवा 'लार्गो' असा संथ लयीचा शब्द लिहिलाय का बघा. तो भाग दोनदा ऐकून काहीच हललं नाही, तर ते पोतं सध्या बाजूला ठेवा. परत पाठवू मात्र नका.

टोपणनावांवरूनही निवडू नका. 'लार्क', 'हंट' असली नावं ऐकून लोक ठरावीक आठ-दहांपलीकडे जातच नाहीत. ओपस ३३ मधल्या दुसऱ्याला 'जोक' म्हणतात, कारण अगदी शेवटी हायडन थांबतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा थांबतो. पण त्याच क्वार्टेटचा लार्गो नुसत्या व्हायोला आणि चेलोने उघडतो, दोघंच, हळू, दोन्ही व्हायोलिनं गप्प. नाव 'जोक' असलेल्यात असं काही असेल हे कुणाच्या मनात येईल?

मला स्वतःला नावाशिवायच एक सापडला. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आमच्या भागात टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून मी पहाटे तीनपासून नंबरला घागरी लावून पायरीवर बसायचो, कानात इअरफोन. यूट्यूबने आपणहून पुढचं काहीतरी लावलं. तीन वाद्यांनी एक सूरसंगती नुसती धरून ठेवली होती आणि तिच्यावरून पहिलं व्हायोलिन अगदी सावकाश वर चढत होतं. थोड्या वेळाने उलट झालं. वरची वाद्यं थांबून राहिली आणि चेलो तसाच पायरी पायरीने खाली उतरला. मी ते चारदा लावलं. हायडनचं ओपस ७६, क्रमांक ४. त्याला 'सनराइज' म्हणतात हे मला दोन वर्षांनी कळलं. आजही माझ्या यादीत ते पहिलं आहे.

ऐकायचं कुठे, हेही महत्त्वाचं. एसटीत ऐकू नका. इंजिनच्या घरघरीत चेलो आणि व्हायोला बुडून जातात आणि उरलेल्या दोन व्हायोलिनांवर आपण निकाल देऊन बसतो. मोबाईलच्या स्पीकरवरही चेलो जवळजवळ नसतोच. साधे इअरफोन आणि पहाटेची वेळ, एवढं पुरे.

जो पटकन आवडत नाही त्याला जास्त वेळ द्या. मोझार्टचं के. ४६५ मी वहीतून दोनदा खोडलंय. सुरुवातीला २२ मात्राखंडांचा संथ प्रवेश आहे. चेलो 'सा' ठोकत राहतो, त्यावर व्हायोला कोमल धैवतावर येते, मग दुसरं व्हायोलिन कोमल गंधारावर, आणि कोमल धैवत अजून कानातून गेलेला नसतानाच पहिलं व्हायोलिन शुद्ध धैवत लावतं. मला वाटलं रेकॉर्डिंगच बिघडलंय. दुसरं लावलं, तिसरं लावलं, सगळीकडे तेच. मग एक दिवस पेटीवर ते चार सूर मीच एकामागून एक दाबून पाहिले, आणि शुद्ध धैवताशी आल्यावर बोट उचलवेना. त्या अंधारानंतर जो लख्ख सरळ वेगवान भाग सुरू होतो, त्याचा उजेड त्या २२ खंडांशिवाय कळतच नाही. १४ जानेवारी १७८५ ही या क्वार्टेटची तारीख. हायडनला अर्पण केलेल्या सहांपैकी हे शेवटचं, आणि अर्पणपत्रात मोझार्टने ते सहा म्हणजे दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ असं लिहिलंय. दोनदा खोडल्याची मला आजही रुखरुख आहे.

वादक कोण, हा प्रश्न निवड अर्धी झाल्यावर घ्या. एकच क्वार्टेट दोन संचांचं ऐका. मी आल्बान बेर्ग आणि मोझाइक या दोन वादकसंचांचं ऐकतो. मोझाइकवाले जुन्या पद्धतीच्या आतड्याच्या तारा वापरतात, आवाज मऊ आणि थोडा खरखरीत येतो, हायडनला तो फार शोभतो. दोघांच्या वेळेत फरक दिसला तर गोंधळू नका, कुणी पुनरावृत्ती घेतं, कुणी गाळतं.

आणि वही ठेवा. तारीख, ओपस, कुठला भाग आणि एक ओळ. 'छान' लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. माझ्या वहीत के. ४६४ पुढे लिहिलंय: "तिसरा भाग, शेवटाकडे चेलो ढोलासारखा. पुन्हा." नंतर पंधरा दिवस त्याला हात लावायचा नाही. त्या दिवसांत पट्ट्या लिहिताना, पोती मोजताना कुठली चाल आपणहून तोंडात येते ते बघायचं. के. ४६४ ची आली. बेथोवनच्या ओपस १८ मधल्या सहाव्याची आली, त्यातल्या शेवटच्या भागाआधीच्या उदास तुकड्याची. काही मोठ्या नावांची आली नाही, ती यादीतून उतरली.

भाचीचा परवा मेसेज आला. राष्ट्रगीताच्या चालीवर आठ दिवस झाले, व्हायोला ओळखू येते, पण दुसरं व्हायोलिन अजून पहिल्यात मिसळतं म्हणते. मी तिला आणखी चार दिवस तेच ऐकायला सांगितलंय, या वेळी फक्त पहिल्या व्हेरिएशनवर, म्हणजे चाल दुसऱ्यांदा येते तिथे थांबून. तिथे चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे असते, पहिलं तिच्याभोवती बारीक नक्षी काढतं आणि बाकी दोघं वाजवतच नाहीत.