लष्कराने निकालात काढलेले १० किलोवॅटचे डिझेल जनित्र : निगा आणि दुरुस्ती

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासातील लाखो घरे कडाक्याच्या थंडीत विजेवाचून राहिली, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेकांप्रमाणे तिथल्या मराठी कुटुंबांनाही घरच्या जनित्राची गरज पटली. दुकानातले नवे जनित्र घेण्याऐवजी अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेले जुने डिझेल जनित्र घेण्याचा पर्याय बरेच जण निवडतात. माझ्या मते तो पर्याय योग्य आहे; मात्र असे यंत्र अंगणात येताच बटण दाबून सुरू करू नये. येथे एमईपी-८०३ए या १० किलोवॅटच्या जनित्राविषयी लिहीत आहे. त्यात ओनान कंपनीचे चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन असून ते मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर चालते. संथ चालणारे असल्याने ते दीर्घायुषी असते, आणि बिघडते ते बहुधा वापराने नव्हे, तर नुसते पडून राहिल्याने किंवा फार कमी भारावर, म्हणजे मोजकीच उपकरणे जोडून, चालवल्याने.

खरेदीपूर्वी नावाची पट्टी नीट वाचावी. एमईपी-८१३ए हे जनित्र बाहेरून अगदी तसेच दिसते, परंतु ते ४०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४०० आवर्तनांची, वीज देते. अमेरिकेत घरातली उपकरणे ६० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे ते घराच्या कामाचे नाही. या यंत्राची लष्करी तांत्रिक पुस्तिका, क्रमांक टीएम ९-६११५-६४२, मिळवून जवळ ठेवावी. विद्युत मंडलांचे तिच्यातले आराखडे दुरुस्तीत पदोपदी लागतात.

पहिले काम इंधनाचे. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढून टाकावे, तळाशी साचलेला गाळ आणि पाणी पुसून घ्यावे, इंधनाचे फिल्टर बदलावेत आणि कडक झालेल्या रबरी नळ्या दया न दाखवता नव्या बसवाव्यात. वर्षानुवर्षे साचून राहिलेले डिझेल चिकट होते आणि त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला मोजून इंधन देणारे पंप जागीच अडकतात. म्हणून गव्हर्नरपासून (इंजिनचा वेग स्थिर राखणाऱ्या भागापासून) पंपांकडे जाणारी जोडदांडी हाताने हलकेच हलवून पाहावी. ती सहज सरकत नसेल, तर गंज सोडवणारे तेल सोडून एखादा दिवस मुरू द्यावे आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. पाना लावून जोर करू नये. ही तपासणी कोणीही टाळू नये, कारण पंप जास्त इंधनाच्या स्थितीत अडकलेले असतील तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते आणि मास्टर स्विच (यंत्र चालू-बंद करण्याचा मुख्य स्विच) बंद करूनही थांबेलच असे नाही. पहिल्यांदा सुरू करताना, गरज पडल्यास हवा तोडून इंजिन बंद पाडण्यासाठी, हवा आत घेणारे तोंड झाकता येईल अशी सपाट, घट्ट बसणारी फळी हाताशी ठेवावी. त्या तोंडावर हात किंवा कापड कधीही धरू नये.

यंत्राची विद्युत व्यवस्था २४ व्होल्टची आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडलेल्या असतात. दोन्ही एकाच वेळी आणि एकाच जातीच्या घ्याव्यात, आणि दोहोंपैकी एकीवरून १२ व्होल्टचे काही चालवू नये, कारण मग एक बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते. इंजिनचे तेल व त्याचा फिल्टर बदलून १५डब्ल्यू-४० दर्जाचे तेल भरावे. कूलंट, पट्टा, एअर फिल्टर हेही पाहून घ्यावे. अल्टरनेटरच्या (वीज निर्माण करणाऱ्या भागाच्या) बाजूला उंदरांनी घरटे केले असेल, तर ते काढून कुरतडलेल्या वायरी तपासाव्यात.

त्यानंतर इंजिन हाताने दोन-तीन पूर्ण फेऱ्या फिरवून कुठे अडत नाही याची खात्री करावी. इंजिनच्या कप्प्यात ‘डेड क्रँक’ नावाचा स्विच असतो; त्याने इंधन पेट न घेता इंजिन नुसते फिरते आणि कोरड्या पडलेल्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. स्टार्टर एका वेळी १५ सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. मग मास्टर स्विच ‘प्राइम अँड रन’वर ठेवावा. विजेवर चालणारा इंधन पंप सुरू झाल्याचा आवाज येतो. त्याला मिनिट-दोन मिनिटे चालू द्यावे, म्हणजे लाइनमध्ये धरलेली हवा टाकीकडे परत जाते.

आता ‘स्टार्ट’. इथे पुष्कळांची गफलत होते. इंजिन सुरू झाल्याबरोबर ते स्विच सोडून देतात, व्होल्टेज येत नाही, आणि मग व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारा भाग) जळाला असे समजून नवा मागवतात. वास्तविक स्विच ‘स्टार्ट’वर असतानाच अल्टरनेटरच्या फील्डला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याला) बॅटरीचा प्रवाह मिळतो, म्हणून तेलाचा दाब २५ पीएसआयच्या वर जाईपर्यंत, वेग स्थिर होईपर्यंत आणि मापकावर व्होल्टेज दिसेपर्यंत स्विच धरून ठेवावा. एवढे करूनही व्होल्टेज आले नाही, तरच रेग्युलेटर आणि अल्टरनेटरवर फिरणारे डायोड तपासायला घ्यावेत.

घरासाठी व्होल्टेज निवडीचा स्विच १२०/२४० व्होल्ट, एक फेज या स्थितीत हवा. तो इंजिन चालू असताना कदापि फिरवू नये. घराशी जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, ट्रान्सफर स्विच किंवा मान्यताप्राप्त इंटरलॉक (बाहेरची वीज आणि जनित्र एकाच वेळी घराला जोडले जाऊ न देणारी साधने) बसवूनच करावी; नाहीतर तुमची वीज उलट बाहेरच्या तारांवर जाऊन तिथे काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग आधीच एकत्र जोडलेले असते, म्हणून ट्रान्सफर स्विच न्यूट्रल तोडत नसेल तर जनित्रावरची तशी जोडणी काढावी लागते, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. यंत्र उघड्यावर, खिडक्या-दारांपासून दूर ठेवावे. गॅरेजचे दार उघडे असले तरी आत चालवू नये, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चालू झालेल्या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे हलका भार. फ्रिज आणि चार दिव्यांवर ते तासन्‌तास चालले, तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळलेले डिझेल एग्झॉस्टमध्ये साचते आणि सायलेन्सरच्या सांध्यांतून काळा, तेलकट ओघळ येऊ लागतो. लिलावातून आलेल्या बहुतेक यंत्रांना हा विकार थोडाफार असतोच. त्यावर उपाय भाराचाच : ४,५०० वॉटचा पाणी तापवणारा हीटर आणि १,५०० वॉटचे दोन खोली हीटर मिळून ७.५ किलोवॅट होतात, म्हणजे क्षमतेच्या तीन चतुर्थांश. भार टप्प्याटप्प्याने वाढवत तिथपर्यंत न्यावा आणि काळा धूर विरळ होईपर्यंत, तासाभराहून अधिक, चालू ठेवावा. साचलेला थर पेटण्याची शक्यता असल्याने त्या वेळात यंत्रापासून हलू नये आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे. अशा पहिल्या दौऱ्यानंतर तेल पुन्हा बदलावे, कारण त्यात जुनी काजळी आणि डिझेल उतरलेले असते.

पुढे महिन्यातून एकदा, निम्म्याहून अधिक भारावर, अर्धा-पाऊण तास चालवावे. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ त्याआधी उघडून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत वाहू द्यावा. ओलावा धरू नये म्हणून टाकी भरलेली ठेवावी, आणि बॅटऱ्यांना २४ व्होल्टचा छोटा चार्जर कायम लावून ठेवावा.