ड्रॅक्युलाचं बोट धरून रोमानिया दाखवताना

रोमानियात मराठी पाहुण्यांचे गट फिरवायला लागले तेव्हा माझ्याकडे वहीभर टिपणं होती. सनावळ्या, राजे, चर्चच्या मनोऱ्यांच्या उंच्या. पहिल्याच सहलीत, ड्रॅक्युलाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रान किल्ल्याचा चढ चढताना, एका काकांनी विचारलं, "ड्रॅक्युलाची खोली नेमकी कुठली?" वहीत त्याचं उत्तर नव्हतं.

या कामात नव्यानं येत असाल तर त्या प्रश्नावर नाक मुरडू नका. पाहुण्याला रोमानियाचं ते एकच नाव ठाऊक असतं. त्याच नावाचं बोट धरून त्याला आत न्या. १८९७ साली 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर रोमानियात कधी आलाच नव्हता. ज्याच्यावरून ड्रॅक्युला हे नाव आलं तो व्लाद त्सेपेश खरा, पंधराव्या शतकातला वालाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा राजा, पण ब्रान काही त्याचं घर नव्हे. हा किल्ला बांधायची परवानगी १३७७ मध्ये जवळच्या ब्राशोव्ह शहरातल्या सॅक्सन, म्हणजे तिथं स्थायिक झालेल्या जर्मन लोकांना मिळाली. खिंडीवर नजर ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, हे त्याचं काम. एवढं सांगितलं की आपली माणसं लगेच माना डोलावतात. घाटाच्या तोंडावरचा किल्ला म्हणजे काय, हे सह्याद्रीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग १९२० मध्ये हा किल्ला भेट मिळालेल्या रोमानियाच्या राणी मारियाची गोष्ट काढा. ते काका शेवटी तिच्याच खोल्यांमध्ये सर्वात जास्त रेंगाळले.

कामाची एक बाब आधीच सांगते. रोमानियात गाइड म्हणून काम करायला सरकारी परवाना लागतो, त्याला 'आतेस्तात' म्हणतात. तो नसेल तर तुम्ही टूर लीडर. गाइड बोलणार आणि तुम्ही ते आपल्या माणसांपर्यंत पोचवणार. यात कमीपणा मानू नका. खरं कसब तिथंच लागतं.

जेवणापासून सुरुवात केलेली मला नेहमी फळली आहे. उत्तरेकडच्या मारामुरेश भागातल्या एका घरगुती मुक्कामात यजमानीणबाईंनी ममलिगाचं भांडं लाकडी पाटावर उपडं केलं. मक्याच्या पिठाची पिवळीधमक, वाफाळती उकड भांड्याचा आकार घेऊन उभी राहिली. बाईंनी सुरी घेतली नाही. दोरा ताणून धरला, खालून सरकवला आणि वर ओढला. स्वच्छ काप पडला. आमच्या गटातल्या आजी उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि हातवाऱ्यांनीच दोरा मागून घेतला. दुसरा काप त्यांनी पाडला. मी त्या वेळी एक अक्षर बोलले नाही, आणि त्या दिवसाचं माझं सर्वात चांगलं काम तेच होतं.

शाकाहारी पाहुण्यांसाठी दोन शब्द पाठ करा: 'दे पोस्त', म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास मोठे असतात. ईस्टरआधी सात आठवडे, नाताळआधी चाळीस दिवस, शिवाय बुधवार-शुक्रवार. मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की काही ठिकाणी कोंबडीचं सूप समोर येतं. 'दे पोस्त' म्हटलं की वांगी आणि भाजलेल्या ढोबळी मिरच्यांची झाकुस्का येते, घोटलेला पांढरा राजमा येतो, भात-मश्रूम भरलेले कोबीच्या पानांचे सर्माले येतात.

आता माझी चूक. सपन्त्सा गावात 'आनंदी दफनभूमी' आहे. स्तान इओआन पत्राश या कारागिराने १९३५ पासून तिथं ओकच्या लाकडाचे निळे क्रूस कोरले. प्रत्येकावर त्या माणसाचं चित्र आणि खाली त्याच्याच तोंडचे वाटावेत असे चार शब्द. कुणी दारू फार प्यायचा, कुणाचं सासूशी पटत नव्हतं. मी एकेक क्रूस वाचून दाखवत होते, लोक हसत होते. पलीकडच्या रांगेत एक बाई मेणबत्ती लावत उभ्या आहेत, हे मी पाहिलंच नाही. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ते गावाचं चालतं स्मशान आहे. तेव्हापासून मी सगळं बसमध्येच सांगून टाकते आणि आत गेल्यावर गप्प राहते.

निसर्ग दाखवताना मोसम सांभाळा. ट्रान्सफगराशान हा डोंगरातला रस्ता २०४२ मीटरपर्यंत चढतो आणि बर्फामुळे वर्षातले बरेच महिने वरचा भाग बंद असतो. जुलै ते सप्टेंबर हा भरवशाचा काळ. वाटेत अस्वलं दिसतात, अगदी कठड्याला टेकून बसलेली. काच खाली करायची नाही, बिस्किट टाकायचं नाही, हे बस निघायच्या आधीच बजावा. खायला घातल्याने अस्वल माणसाला सोकावतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो.

ईशान्येकडच्या बुकोव्हिना भागातल्या व्होरोनेत्स मठाला मी घाईत नेत नाही. स्तेफान चेल मारे या राजाने १४८८ मध्ये चार महिन्यांच्या आत हे चर्च उभं केलं. बाहेरची निळ्या रंगासाठी प्रसिद्ध असलेली चित्रं १५४७ ची, उघड्यावर, ऊनपाऊस सोसत उभी. पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचा देखावा आहे. त्यात एक तपशील नक्की दाखवा. जंगली जनावरं त्यांनी खाल्लेल्या माणसांचे हात-पाय तोंडात धरून परत आणून देत आहेत, कारण न्यायाच्या दिवशी प्रत्येकाला पूर्ण देहानिशी उभं राहायचं आहे. नंतर उत्तरेच्या भिंतीकडे न्या. तिथली चित्रं हवेने खाऊन टाकली आहेत. दोन्ही भिंती पाहिल्याशिवाय तो निळा रंग किती टिकून राहिला आहे ते कळत नाही.

एक प्रसंग हमखास येतो. रस्त्यावर रोमा लोक दिसले की कुणीतरी म्हणतं, "जिप्सी आहेत, पर्स सांभाळा." तिथं गप्प बसू नका. रोमानिया या नावाचा संबंध रोमशी आहे, रोमा लोकांशी नाही. रोमा लोकांचे पूर्वज मात्र भारतातूनच गेलेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', नाकाला 'नख' म्हणतात. वालाकिया आणि मोल्दाव्हिया या तेव्हाच्या दोन राज्यांत १८५५-५६ पर्यंत ते गुलाम होते. एवढं ऐकल्यावर बसमधली नजर बदललेली मी पाहिली आहे.

तिर्गू झिऊ हे शहर बहुतेक सहलींत नसतं. जमत असेल तर घ्याच. ब्रिंकुशी या रोमानियन शिल्पकाराने पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९३७-३८ मध्ये तिथं अनंत स्तंभ उभारला. त्याच सुमारास तो इंदूरला जाऊन आला होता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी त्याची शिल्पं विकत घेतली होती आणि एक ध्यानमंदिर बांधण्यासाठी त्याला बोलावलं होतं. ते मंदिर झालंच नाही. हे मी स्तंभाच्या अलीकडे, बागेतल्या बाकावर सगळ्यांना बसवून सांगते. गेल्या खेपेला इंदूरच्या मावशी गटात होत्या. त्या एकट्याच पुढे गेल्या, मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मंदिराची जागा आमच्याकडे कुठं ठरली होती?"