शाळा-कॉलेजच्या वर्षात तब्येत कशी सांभाळावी? सुरुवात झोपेपासून

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, मागोमाग कॉलेजं. पहिले काही दिवस सगळे शहाण्यासारखे वागतात. मग क्लास, प्रॅक्टिकल, गणपतीआधी ढोलपथकाचा सराव असं एकेक वाढत जातं आणि झोप, जेवण, खेळ गुंडाळले जातात. चार चांगल्या सवयी एकाच सोमवारी लावायला जाल तर गुरुवारपर्यंत चारही सुटतील. म्हणून खालच्या क्रमानं चला. एक अंगवळणी पडली की मगच पुढची.

पायरी १ : उठायची वेळ पक्की करा

झोपायची नव्हे, उठायची. डोळे कधी मिटतील हे आपल्या हातात नसतं, गजर असतो. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. शाळा सातची असेल आणि रिक्षाकाका साडेसहाला दारात येत असतील, तर पावणेसहाला उठावं लागणार. म्हणजे पावणेदहाला दिवा बंद. हा हिशेब घरातल्या मोठ्यांनाही दाखवा, कारण दहाला जेवायला बसणाऱ्या घरात तो जमणार नाही.

या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं म्हणजे आळस नाही. त्याला मदत करा. मोबाइल चार्जिंगला हॉलमध्ये लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू नका. चहा-कॉफीतलं कॅफिन पाचेक तासांनीही निम्मं अंगात उरतं, तेव्हा अमृततुल्यचा शेवटचा कप चारच्या आत. दुपारच्या झोपेला पुण्यात मान आहेच. ती वीस-तीस मिनिटांची ठेवली तर रात्रीच्या झोपेला धक्का लागत नाही.

‘रात्रभर जागून वाचलं’ हे आपल्याकडे कौतुकानं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. बोर्डाचे सकाळच्या सत्रातले पेपर अकराला सुरू होतात. जानेवारीपासून सरावाचे पेपरही त्याच वेळेला सोडवा.

पायरी २ : डबा आणि पाणी

रिकाम्या पोटी घर सोडू नका. पोहे असतील तर शेंगदाणे घाला आणि लिंबू पिळा, लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा नेमकं उलटं करतो, म्हणून दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा. पाळी सुरू झालेल्या मुलींनी हे जास्त पाळावं. मोड आलेल्या मटकीची उसळ आठवड्यातून दोन-तीनदा डब्यात असू द्या.

सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्यांची अडचण वेगळी. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि मग वडापाव ठरलेला. शनिवारीच फळं, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवा.

शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली कितीतरी आहेत. त्यातून लघवीचा संसर्ग होऊ शकतो. तहान मारू नका; घरी सांगा आणि पालक-शिक्षक संघात हा विषय काढायला लावा.

पायरी ३ : रोज तासभर अंग हलवा

पाच ते सतरा वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला रोज सरासरी ६० मिनिटांचा आहे, सलग हवीत असं नाही. क्लासला सायकलनं जा, सुट्टीच्या दिवशी पर्वती, हनुमान टेकडी किंवा तळजाई. टेकडीवर उजेडात आणि कुणाला तरी सोबत घेऊन जा. ढोल वाजवणाऱ्यांचा व्यायाम आपोआप होतो, पण कानात इअरप्लग हवेतच. सराव संपल्यावर तासन्‌तास कान वाजत राहिले, तर तो इशारा समजा.

पायरी ४ : डोळे आणि पाठ

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा: चाळीस किलोच्या मुलाला चार किलो.

पायरी ५ : मनाचं कुणाशी तरी बोला

चाचणीत मार्क कमी पडले की दोन दिवस वाईट वाटणारच. पण दोन आठवडे उलटूनही झोप-भूक बिघडलेली असेल, मित्र नकोसे वाटत असतील, तर आई-बाबा, ताई, वर्गशिक्षक, ज्याच्याशी मोकळेपणानं बोलता येईल त्याला सांगा. पालकांनी आधी पूर्ण ऐकून घ्यावं. शेजारच्या मुलाचे मार्क तेव्हा काढू नयेत.

घरी बोलणं अवघड वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. मित्र जीव द्यायची भाषा करू लागला तर ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ पाळू नका. त्याच्याजवळ थांबा, मोठ्या माणसाला बोलवा. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा.