प्राणी दिसण्याआधीच कॅमेरा तयार हवा

जंगलात अख्खा प्राणी क्वचितच दिसतो. आधी दिसते ती हलणारी शेपूट, फडफडणारा कान, नाहीतर उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी रेघ. ती पाठ असते. नजर भरभर फिरवली तर हे सगळं निसटतं. एका जागी पाच-दहा सेकंद थांबून पानांच्या मागे, सावलीत बघा, मगच पुढे सरका. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. १०×मध्ये हाताचा कंप जास्त जाणवतो. हालचाल दिसली की नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. दुर्बीण उचलायला खाली पाहिलंत, तर तीच फांदी पुन्हा सापडणं कठीण.

कानांवरही तितकाच भरवसा ठेवा. शिकारी प्राण्याची चाहूल लागली की बाकीचे प्राणी धोक्याच्या हाका देतात. चितळ एकदा ओरडून पुन्हा चरू लागलं, तर त्याला नुसती शंका आली होती. हाका थांबत नसतील आणि कळपातली सगळी तोंडं एकाच दिशेला वळली असतील, तर तिथे थांबा. वानर शेंड्यावरून लांबवर पाहतं, त्यामुळे त्याची हाक महत्त्वाची. सांबराची त्याहून भरवशाची. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. त्याच्या घरघरीत हाका विरून जातात आणि थरथरीने फोटो हलतात.

मातीतला माग नीट वाचा. ठसा चाकाच्या खुणेवर उमटला असेल, तर प्राणी त्या गाडीनंतर गेला. चाकाची खूण ठशावरून गेली असेल, तर आधीच. कडा ढासळल्या असतील तर माग जुना.

आता कॅमेरा. प्राणी काही सेकंदच दिसतो, म्हणून सेटिंग फाटकाच्या आत शिरण्याआधी लावा: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर, सलग फोकस, बर्स्ट (एका दाबात सलग अनेक फोटो), रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ऑटो आयएसओची (कॅमेरा आपोआप ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा ६४०० आणि किमान शटर स्पीड १/६४० सेकंद ठेवा. धावत्या प्राण्याला १/१००० ते १/१६००, उडत्या पक्ष्याला १/२००० लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरतं, प्राण्याची हालचाल नाही. पहाटेचे बहुतेक फोटो इथेच बिघडतात. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही.

एक्स्पोजरमध्येही, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे ठरवताना, कॅमेरा फसतो. काळं अस्वल चौकटभर आलं तर तो त्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायची सोय) −२/३ ते −१ करा. गडद पाण्यासमोरच्या पांढऱ्या बगळ्यालाही उणेच, नाहीतर पिसांचा तपशील उडतो. आकाशासमोर फांदीवर बसलेल्या पक्ष्याला मात्र +१.

लेन्स हातात तोलण्यापेक्षा गाडीच्या कडेवर बीनबॅग टाकून तिच्यावर टेकवा. बॅग नसेल तर तांदूळ भरलेली कापडी पिशवी चालते. फोकस जवळच्या डोळ्यावर, आणि प्राणी ज्या दिशेला पाहतो तिकडे चौकटीत मोकळी जागा. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा फोटो काढू नका. हवाच लहरते, महागडी लेन्सही तिथे हरते. तो वेळ पाणवठ्याजवळ गप्प बसण्याचा. धुळीत लेन्स बदलू नका, फ्लॅश वापरू नका.

चरणाऱ्या प्राण्याने मान वर करून कान तुमच्याकडे रोखले, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथेच थांबा, त्याची वाट अडवू नका. तो पुन्हा चरायला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही. तो निवांत झाला की डोळ्यांच्या उंचीवरून, घाई न करता फोटो काढा. पडद्यावर फोटो तपासायचं काम सगळे झाडीत गेल्यावर करा, कारण पिल्लं बहुधा आईच्या मागून येतात.