बीडीचं पहिलं वर्ष आणि "जास्त वाचलंस तर विश्वास जाईल"

पुण्याला सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कॉलेजात, निघालो तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी एकच सल्ला दिला, जास्त वाचू नकोस, विश्वास जाईल. (बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, रिक्षावाल्याला सांगितलं की तो हसतोच, सवय होते.) मी नगरकडचा, डोक्यात साधा हिशोब होता की जे कळत नाही ते विश्वासावर सोडायचं, मग जसजसं कळत जाईल तसतसा विश्वास कमीच होणार ना! पहिली सेमिस्टर याच टेन्शनमध्ये गेली.

बरं, हिशोब अगदी येडपटही नाही. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो की एकाच माणसाला एकच गोष्ट सिद्ध होऊन कळलेलीही आहे आणि तो ती विश्वासानेही मानतोय, असं होत नाही. पण त्याच्या लेखी विश्वास म्हणजे अंदाजपंचे मत पण नाही, त्यापेक्षा खूप पक्का.

माझी गाठ सुटली ती ग्रीकच्या तासाला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, मूळ ग्रीकमध्ये, "विश्वास" हे नाम एकदाही नाही, क्रियापद मात्र नव्वदच्या वर वेळा येतं, आणि "ज्ञान" हे नाम पण नाही, तिथेही सगळी क्रियापदंच. 6:69 ला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो आम्ही विश्वास ठेवलाय आणि ओळखलंय, 17:8 ला येशू शिष्यांबद्दल बोलतो तिथे आधी ओळखलं मग विश्वास ठेवला. क्रमच उलटा! म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं असं नाहीच, दोन्ही हातात हात घालून चालतात. त्या दिवशी मेसचं जेवण थंड झालं माझं.

मग ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप आणि धर्मपंडित. "विश्वास ठेवला नाहीत तर समजणार नाही" हे तो जुन्या करारातल्या यशया 7:9 वरून घेतो, पण ते ग्रीक भाषांतरावरून आलेलं, हिब्रूत "टिकणार नाही" असं आहे. त्याला दोन्ही पाठ माहीत होते आणि दोन्ही कामाचे वाटत होते, हे मला भारी वाटलं. हिब्रूत विश्वास ठेवणं आणि टिकणं एकाच धातूतून येतं, मराठीत जमवायचं तर भाव धरला नाही तर निभाव लागणार नाही.

म्हणून नवीन येणाऱ्यांनो, ग्रीक-हिब्रू ऑप्शनला टाकू नका, रडवतात पण तिथेच उलगडतं. आणि पहिल्या सुट्टीत घरी जाऊन शहाणपणा करू नका. मी घरच्या प्रार्थनासभेत ऑगस्टीन काढला, एका काकांनी विचारलं, "मग पवित्र शास्त्र चुकलं का रे?" मला उत्तरच येईना, शेवटी मम्मीने चहा आणला म्हणून वाचलो.

पुढच्या सुट्टीत फक्त भाव-निभाव एवढंच सांगितलं. तेच काका मोठ्याने "आमेन" म्हणाले, आणि आमेन पण त्याच हिब्रू धातूतलं आहे हे सांगायचा मोह मी कसाबसा आवरला.