पहिला गेमिंग पीसी जोडताय? कॅबिनेट जाळीचं घ्या

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि पोरं पुढून बंद काच असलेलं चमकदार कॅबिनेट घेतात, मग आत हवाच जात नाही अन् गेम अडकायला लागतो.

1. कॅबिनेट पुढून जाळीचंच. पुढचे पंखे हवा आत ओढणारे, मागचा बाहेर फेकणारा, उलटा बसवू नका भो. धूळ येणारच, जाळी महिन्याला ब्रशने झाडायची.
2. लायटिंगचे पैसे वाचवून चांगल्या पावर सप्लायमध्ये टाका.
3. रॅम 16 जीबीची एक स्टिक नको, 8 च्या दोन.

फक्त एक बघा, इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, ग्राफिक्स कार्ड दिवाळीला घेऊ म्हणाल तर तोवर स्क्रीन काळीच.