नवे यंत्र घ्यावे का? व्यवस्थापकाने निर्णय कसा घ्यावा

कारखान्यातील जुने यंत्र वारंवार बंद पडू लागले की ‘नवे कोणते घ्यायचे’ हा प्रश्न बैठकीपुढे येतो. पण असा प्रश्न विचारला की अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. म्हणून प्रथम मूळ अडचण लिहून काढावी: माल वेळेवर जात नाही, याला कारण यंत्र आहे, देखभालीतील हयगय आहे की कच्चा माल उशिरा येणे? दोष यंत्राचाच ठरला, तरी दुरुस्ती, काम बाहेरून करून घेणे आणि नवी खरेदी असे तीन पर्याय उरतात.

त्यानंतर, कोटेशन मागवण्यापूर्वीच, निकष ठरवावेत. हा क्रम उलटला तर मनात भरलेल्या यंत्राला साजेसे निकष नकळत तयार होतात. महिन्याला किमान किती नग निघावेत, हप्ता किती झेपेल, सुटे भाग किती दिवसांत मिळतील, एवढे पुरे. अर्थशास्त्राचे १९७८ चे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले, की वेळ, माहिती आणि आकलन यांना मर्यादा असल्याने व्यवस्थापक सर्वोत्तम पर्यायापर्यंत जात नाही; किमान अपेक्षा पूर्ण करणारा पर्याय सापडला की तो थांबतो. तेव्हा ही किमान पातळी आधीच विचारपूर्वक ठरवलेली बरी.

खरी कसोटी बैठकीत लागते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर यानाची रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, थंडीत सांध्यांतील रबरी कड्या नीट काम करणार नाहीत म्हणून उड्डाण लांबवण्याची शिफारस केली होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेताच कंपनीच्या व्यवस्थापकांनी ती फिरवली आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर प्राणांस मुकले. यंत्रखरेदीत जीव जात नसले, तरी दबावाची रीत तीच असते. साहेब आधी बोलले की उरलेली मंडळी बहुधा मानाच डोलावतात. म्हणून व्यवस्थापकाने आपले मत शेवटी सांगावे आणि यंत्रावर रोज काम करणाऱ्या कारागिराचे म्हणणे प्रथम, शक्यतो लेखी, घ्यावे.

दोन महिने काम बाहेर देऊन पाहण्यासारखा, मागे घेता येणारा निर्णय असेल, तर तो लवकर उरकावा. पाच वर्षांच्या कर्जाला मात्र वेळ द्यावा.

निर्णय झाल्यावर त्याची कारणे, नाकारलेले पर्याय, मागणीचा अंदाज आणि फेरआढाव्याची तारीख इतिवृत्तात नोंदवावी. त्या तारखेला केवळ नफा पाहू नये, कारण बाजार अचानक वधारला तर फसलेली खरेदीही शहाणपणाची वाटते. नोंदवलेला अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी ठेवून मगच पुढील खरेदीचा विषय काढावा.